कानातली बोंडं

धुळ्याहून जळगावला जाणारी एसटी फागणं सोडेपर्यंत माझं गाणं नीट ऐकू येत असतं. मग ड्रायव्हर गाडी ताणायला लागतो, खिडकीची काच चौकटीत कडकड वाजायला लागते, मागे कुणाची तरी पत्र्याची पेटी इकडून तिकडे सरकते आणि गाण्यातला तबला गेला, मग बासरी गेली, शेवटी गाणारा काहीतरी तक्रार करतोय एवढंच कळतं. दर सोमवारी सकाळी हे असंच. मग हात आपोआप खिशाकडे जातो, बाहेरूनच बटण दाबायचं, एकदा, दोनदा, तीनदा, आणि आवाज काही वाढत नाही. बटण गेलं की काय!

बटण ठणठणीत असतं. खिशातल्या अंधारात फोन मला एक प्रश्न विचारत बसलेला असतो. शिफारस केलेल्या पातळीच्या वर आवाज वाढवायचा? एक हात वरच्या दांड्याला, दुसऱ्या हातात आईने दिलेला कळण्याच्या भाकरीचा आणि भरताचा डबा, खांद्यावर सॅक, आणि साहेबांना लेखी उत्तर हवंय. डबा काखेत दाबायचा, फोन काढायचा, ठीक आहे म्हणायचं. तेवढ्यात मुकटी येतं, गाडी थांबते, काच गप्प होते आणि वाढवलेला आवाज एकदम कानात घुसतो. परत कमी करा.

बरं, एकदा हो म्हटलं की कायमचं मिटलं, असंही नाही. अँड्रॉइडवाल्या फोनात बऱ्याच वर्षांपासून अशी सोय आहे की मोठ्या आवाजात २० तास ऐकून झालं की तो तुमचं हो विसरतो आणि पुन्हा पहिल्यापासून विचारतो. २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून तर फोन आठवडाभराचा हिशोबच मांडू शकतो, किती जोरात ऐकलं आणि किती वेळ ऐकलं, किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखं. आयफोनात हेडफोन सेफ्टी नावाचं पान आहे, तिथे ७५ ते १०० डेसिबलच्या (आवाज मोजायचं माप) मधे कुठेही खुंटी ठोकता येते, त्याच्या वर आवाज जातच नाही. सॅमसंगमध्ये मीडिया व्हॉल्यूम लिमिट आहे आणि त्याला पिनसुद्धा लावता येतो. तो पिन ताईने भाच्याच्या फोनला मोठ्या हौसेने लावला, चार दिवसांनी स्वतःच विसरली, आणि मग तो तिला भाच्यानेच सांगितला. लावताना शेजारी बसून बघत होता म्हणे. चार दिवस लिमिट तशीच का ठेवली विचारलं तर म्हणे तुमच्या समाधानासाठी.

आमच्या आईला हे काही माहीत नाही, तिची पद्धत वेगळी. इयरबड्सना ती बोंडं म्हणते, कापसाची बोंडं. पांढरी आहेत, छोटी आहेत, आणि कानात बोळा घातल्यासारखी दिसतात, त्यामुळे नाव चुकलं म्हणता येत नाही. "ते बोंडं काढ ना कानमाईन, मी तुले काय सांगी राहिनू!" हे वाक्य मला फक्त ओठांवरून वाचता येतं. आणि ती हिशोब वगैरे काही मांडत नाही, सरळ येऊन एक बोंड खुडते.

सगळ्यात भारी किस्सा मामेभावाचा. तो रावेरकडे केळीवाला, ट्रॅक्टरवर ब्लूटूथचा टेप बसवलाय. गाणं ऐन रंगात आलं की आवाज आपोआप निम्म्यावर यायचा. टेप खराब म्हणून त्याने वायरी उपसल्या, स्पीकर बदलला, दुकानदाराशी भांडून आला. मी गेलो तर फोनवर सूचना येऊन पडलेली, की तुम्ही आठवडाभर फार मोठ्याने ऐकलंय, कानांच्या काळजीपोटी आवाज कमी केलाय. फोनला वाटत होतं हा बाबा हेडफोन लावून बसलाय! ब्लूटूथच्या यादीत त्या टेपच्या नावापुढे जाऊन प्रकार बदलायचा असतो, हेडफोन आहे की गाडी आहे की स्पीकर आहे की श्रवणयंत्र. गाडी केलं, मिटलं. मग आम्ही ट्रॅक्टर चालू केला आणि त्या धडधडीत एकमेकांशी ओरडून बोलत बांधापर्यंत गेलो, त्या ओरडण्याची नोंद कुठेच झाली नाही.

तर माझी तक्रार ती आहे. फोनचा हिशोब फक्त तो स्वतः वाजवतो तेवढ्याचा. तोही अंदाजपंचे, कारण प्लॅटफॉर्मवर घेतलेले दीडशे रुपयांचे वायरवाले इयरफोन जोडले तर ते प्रत्यक्षात किती जोरात वाजतात हे त्याला कुठून कळणार. गेल्या लग्नसराईत वरातीत डीजेच्या भिंतीपुढे उभा होतो, बरगड्या हलत होत्या, शेजारच्या घरांच्या पत्र्यावरची धूळ खाली येत होती. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल असा देशाचा नियम सन २००० पासून आहे, त्या भिंतीला तो कुणी वाचून दाखवला नसावा. आणि फोन खिशात गप्प. घरी येऊन झोपताना बारीक आवाजात एक गझल लावली तर मात्र... नाही, तेव्हाही गप्पच होता, उगाच खोटं कशाला बोला. पण सोमवारी एसटीत विचारलंच त्याने.

त्याचं गणित मात्र खोटं नाही, हे मान्य करायला मला जरा वेळ लागला. जागतिक आरोग्य संघटना म्हणते मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात, पोरांना ७५. आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ अर्धा. ८३ ला २० तास, ९० ला जेमतेम ४ तास, १०० ला आठवड्याची कमाई वीस-पंचवीस मिनिटांत संपली. आकडा ८० चा १०० झाला म्हणून आपल्याला पाव हिस्साच वाढला असं वाटतं, पण कानावरचा भार शंभरपट झालेला असतो. आत कानाच्या शंखात बारीक केसांच्या पेशी असतात, एका कानात पंधरा-सोळा हजार, आणि त्या गेल्या की परत उगवत नाहीत. कपाशी मेली तर दुबार पेरणी तरी होते.

जळगावचे काका डाळ मिलमध्ये होते, पस्तीस वर्षं. त्यांच्याकडे टीव्ही इतका मोठा असतो की बातम्या जिन्यात कळतात. ते म्हणतात आवाज येतो रे, शब्द येत नाहीत. आधी मला ही नुसती म्हाताऱ्या माणसाची गंमत वाटायची, मग कळलं की गोंगाटाने आधी वरच्या पट्टीतलं ऐकणं जातं, आणि स, श, फ ही मंडळी राहतात तिथेच. म्हणून काकांना "साखर संपली" मधलं नुसतं "आखर अंपली" ऐकू येतं आणि ते विचारतात, कोण अंपली?

तेव्हापासून मी दोन गोष्टी केल्या. आवाज अंदाजाने ८५ च्या आत ठेवायचं ठरवलं, म्हणजे आठवड्याला साडेबारा तास, येणंजाणं धरून माझे पाचही होत नाहीत. आणि इयरबड्सच्या डब्यात रबराच्या टोप्यांच्या जास्तीच्या जोड्या पडून होत्या, त्यातल्या मोठ्या घालून बघितल्या. इतकी वर्षं मधल्या मापाच्या वापरत होतो, कारण त्या आधीच लावलेल्या आल्या होत्या! मोठ्या टोप्यांनी इंजिनचा आवाज बराच बाहेर राहिला, फोन दोन घरं खालीच पुरायला लागला आणि प्रश्न विचारायचा बंद झाला. फक्त कंडक्टर तीनदा तिकीट म्हणाला तेही बाहेरच राहिलं आणि चौथ्यांदा त्याने आईसारखंच केलं, बोंड खुडलं.

म्हणून आता एकच कानात घालतो. अर्धं गाणं, अर्धी एसटी. परवा मागच्या सीटवर दोन आज्या होत्या, कुणाच्या तरी सुनेचं चाललं होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेलेली ती आलीच नाही, मग दीर घ्यायला गेला, तर दीरासोबतही आली नाही, आणि मग सासू स्वतः गेली. मी गाणं बंद केलं. "मंग?" दुसरीने विचारलं, "मंग तिनी सासू काय बोलनी?" मी दुसरं बोंडही काढलं आणि नेमकी काच वाजायला लागली, ती थांबली तेव्हा पारोळं आलं होतं आणि दोघी पिशव्या सावरत उतरत होत्या.