एलएसओएफ रिकामं, तरी मॉड्यूल निघेना – माझा अनुभव

पुण्यात एका छोट्या कंपनीत डेटा घेणाऱ्या कार्डासाठी लिनक्सचा ड्रायव्हर लिहीत होतो, मॉड्यूल म्हणून, म्हणजे चालू कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) घालता-काढता येणारा तुकडा म्हणून. ड्रायव्हर लिहिणं, कंपाइल, इन्समॉड (मॉड्यूल घालायची कमांड), डेटा यायला लागणं हे सगळं चार दिवसात झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण लोड केलेलं मॉड्यूल परत काढता येईना, त्यात नऊ दिवस गेले. आरएमएमॉड (मॉड्यूल काढायची कमांड) मारलं की एकच ओळ, ‘मॉड्यूल इज इन यूज’. कोण वापरतंय, किती जण, कधीपासून, काही नाही. त्या ओळीचा राग अजून गेलेला नाही म्हणून हे लिहितोय.

कोड बदलला की जुनं मॉड्यूल काढून नवीन घालायचं एवढंच तर असतं, पण ते निघेना म्हणून दर वेळी बोर्ड रीबूट, आणि त्यानंतर कार्ड कॅलिब्रेट व्हायला सात मिनिटं. दिवसातून वीस वेळा हे करून बघा. आमचे सीनियर म्हणायचे, “अरे रीबूट मार आणि पुढे चल, गिऱ्हाइकाकडे कोण मॉड्यूल काढायला बसलंय.” मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. मॉड्यूल किती जण वापरतायत हा आकडा चुकतोय म्हणजे कोडमध्ये हिशेब चुकतोय, आणि तोच हिशेब उलटा चुकला असता तर फाइल उघडी असताना मॉड्यूल निघून गेलं असतं आणि कर्नल कोडच नसलेल्या पत्त्यावर जाऊन पडला असता.

हा आकडा म्हणजे एलएसमॉडमधला, म्हणजे लोड झालेल्या मॉड्यूल्सच्या यादीतला, तिसरा कॉलम. त्याच्यापुढे दुसऱ्या मॉड्यूलची नावं दिसली तर सोपं आहे, आधी ती काढायची. माझ्याकडे नाव एकही नाही, नुसता आकडा, आणि तोही दर वेळी वेगळा. कधी 40, कधी 200 च्या वर. माझा प्रोग्राम एकच, तो कार्ड एकदाच उघडतो, आणि ड्रायव्हर दुसऱ्या कोणाला उघडूच देत नाही, ईबिझी (‘आधीच वापरात आहे’ ही एरर) देऊन परत पाठवतो. मग 200 कुठून आले?

सगळं बंद केलं. कोणती फाइल कोणी उघडलीय ते दाखवणाऱ्या दोन कमांड, एलएसओएफ आणि फ्यूजर, दोन्ही रिकाम्या. मग वाटलं एममॅप (फाइल प्रोसेसच्या मेमरीत जोडून घेणं) असेल, कारण फाइल क्लोज केली तरी मॅप केलेली मेमरी शिल्लक असेपर्यंत कर्नल फाइल सोडत नाही. पण ती असती तर एलएसओएफमध्ये मेम म्हणून दिसली असती. मग फोर्क झालेल्या (दुसऱ्या प्रोसेसमधून जन्मलेल्या) प्रोसेसकडे उघडी फाइल वारशाने गेली असेल म्हणून दोन दिवस प्रोसेसेस चाळल्या. तेही नाही. एकाने सल्ला दिला की आरएमएमॉड जबरदस्तीने चालव. कृपा करून हे करू नका. एकतर कर्नल बनवताना तो पर्याय चालू केलेला असावा लागतो, आमच्यात नव्हता, आणि असला तरी कर्नल स्वतःवर टेंटचा (‘आता माझा भरवसा नाही’ असा) शिक्का मारून घेतो, त्यानंतर जे काही पडेल त्याचं कारण शोधत बसा.

सातव्या दिवशी वैतागून मी दर मिनिटाला आकडा कागदावर लिहायला लागलो. मिनिटाला बरोबर 6 ने वाढत होता. तासाने 362. आमच्या बोर्डवर एक हेल्थ-चेक सर्व्हिस आहे, ती दर 10 सेकंदाला कार्डाची फाइल उघडून बघते, ईबिझी आलं की समजते ड्रायव्हर जिवंत आहे. तासाचे 360, वरचे 2 माझ्या प्रोग्रामचे. सर्व्हिस बंद केली तर आकडा थांबला, पण कमी काही होईना. म्हणजे फसलेला प्रत्येक ओपन एक आकडा मागे ठेवून जात होता.

आणि ते 2 का? माझं कार्ड म्हणजे मिस्क डिव्हाइस (साध्या ड्रायव्हरसाठी कर्नलचा तयार साचा), एकदाच उघडलेलं, मग 1 हवा होता. हे पहिल्या दिवसापासून डोळ्यासमोर होतं.

मग एफट्रेसमध्ये (कर्नलच्या आत काय चाललंय त्याची नोंद ठेवणारं साधन) मॉड्यूल गेट (आकडा वाढला) आणि मॉड्यूल पुट (आकडा कमी झाला) हे दोन इव्हेंट चालू केले. हे मला दुसऱ्या दिवशीच कोणी सांगायला हवं होतं. प्रत्येक ओळीत आकडा कोणत्या फंक्शनने वाढवला किंवा कमी केला ते नावासकट येतं. (कर्नल 3.19 पासून ट्रेसमधला आकडा एलएसमॉडपेक्षा 1 ने जास्त दिसतो, कारण कर्नल मोजणी 1 पासून सुरू करतो. मी त्यातही अर्धा तास घालवला.) एका फसलेल्या ओपनच्या तीन ओळी होत्या: कर्नलच्या मिस्क ओपनने एक घेतला, माझ्या ओपन फंक्शनने एक घेतला, आणि ओपन फसल्यावर कर्नलने आपला परत केला. माझा परत करणारं कोणीच नव्हतं.

ओपनच्या सुरुवातीला मी ट्राय मॉड्यूल गेट (आकडा 1 ने वाढवणारा कॉल) लिहिलं होतं, एका जुन्या उदाहरणातून उचललेलं. पुट होतं रिलीजमध्ये, म्हणजे फाइल बंद होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये. पण ओपनने एरर दिली तर कर्नल रिलीज बोलवतच नाही, मग पुट होणार कुठून.

खरं तर ती ओळ तिथे नकोच. कर्नल 2.4 च्या काळापर्यंत बरीच मॉड्यूल्स स्वतःच मॅक्रो लिहून आपला आकडा वाढवायची, पण त्यात फट होती. दुसरा सीपीयू तुमच्या फंक्शनमध्ये शिरलाय, आकडा अजून वाढवलेला नाही, आणि नेमकं तेव्हाच कोणी मॉड्यूल काढलं तर? तसंच आकडा कमी केल्यानंतर रिटर्नपर्यंतचा कोडही मॉड्यूलच्याच पोटात असतो. म्हणून आकडा बाहेरच्याने, तुमच्या कोडमध्ये पाय टाकण्याआधी वाढवायचा. 2002 मध्ये 2.5 वर कर्नल डेव्हलपर रस्टी रसेल यांनी मॉड्यूल लोडर नव्याने लिहिला तेव्हापासून ट्राय मॉड्यूल गेट आहे, आणि मॉड्यूल निघायच्या मार्गावर असेल तर ते नाही म्हणतं, म्हणून जिथे वापराल तिथे उत्तर तपासा. फाइल ऑपरेशन्समध्ये (ड्रायव्हरच्या ओपन, रिलीज वगैरे फंक्शन्सची यादी) ओनर म्हणून धिस मॉड्यूल (म्हणजे हेच मॉड्यूल) लिहिलं की बाकीचं कर्नल बघतो. मी गेट आणि पुट दोन्ही ओळी काढल्या. फक्त गेट काढून पुट ठेवलं तर वर म्हटलेला उलटा हिशेब होतो, तेवढं सांभाळा.

आठवलं म्हणून, /proc/modules या फाइलमध्ये मॉड्यूलपुढे परमनंट दिसत असेल तर आकड्यामागे लागू नका, मॉड्यूलला एक्झिट फंक्शन नाहीये. आणि नेटवर्क ड्रायव्हरचा आकडा इंटरफेस चालू असतानाही 0 असू शकतो, तो खुशाल निघतो, एसएसएचवरून (नेटवर्कवरून दूरून लॉगिन करून) बसला असाल तर कनेक्शन तिथेच तुटेल.

दोन ओळी काढून मॉड्यूल घातलं, सर्व्हिस आणि प्रोग्राम तासभर चालू ठेवले. आकडा 1. प्रोग्राम बंद केला, 0. आरएमएमॉड मारलं, काही न बोलता प्रॉम्प्ट परत आला, आणि मी खुर्चीवरून उठून खरंच एक चक्कर मारून आलो. आमच्याच रेपोमध्ये आणखी एका जुन्या ड्रायव्हरमध्ये त्याच दोन ओळी सापडल्या. त्याचा पॅच पाठवलाय, तीन आठवडे झाले, रिव्ह्यूला पडून आहे.