कुस्तीचं मैदान, दिव्यांचा उजेड आणि दीड किलोची लेन्स

सांगली-पलूस पट्ट्यातल्या जत्रांच्या मैदानात मोठ्या कुस्त्या बहुतेक दिवे लागल्यावरच सुटतात. म्हणून या वेळच्या चाचणीत प्रश्न एकच घेतला: धंदा म्हणून फोटो काढणारे ७०-२०० मिमी एफ/२.८ सारखं झूम लेन्सचं धूड गळ्यात का वागवतात? (मिमीचा आकडा जितका मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं; एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त.)

आधी काचेचा हिशेब. २०० मिमीला एफ/२.८ हवं तर २०० भागिले २.८, म्हणजे पुढचं भिंग किमान ७१ मिमी व्यासाचं लागणारच. कंपनी कोणतीही असो, या भागाकारातून सुटका नाही. एफ/५.६ ला ३६ मिमीत भागतं, लेन्स हलकी आणि स्वस्त होते, पण उजेड पावपटच मिळतो.

तो पावपट कुठे नडतो? ढाक (फेकीचा डाव) लागली की १/२५० सेकंदाच्या शटरला पाय आणि उडालेली माती पुसट येते. १/८०० च हवं. एफ/२.८ ला हे आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ६४०० वर जमलं. एफ/५.६ ला त्याच उजेडासाठी २५६०० वर जावं लागतं, आणि तिथे मातीनं माखलेली पाठ आणि आखाडा यांचा पोतच नॉईजमध्ये, म्हणजे दाणेदार ठिपक्यांत, विरून जातो. मोठा फुल फ्रेम सेन्सर लहान एपीएस-सी सेन्सरपेक्षा क्षेत्रफळानं सव्वादोन पट मोठा, त्यामुळे आणखी साधारण एक स्टॉप (उजेडाची दुपटीची पायरी) हाताशी येतो.

दिव्यांचा त्रास वेगळाच. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. १/८०० ला एक फ्रेम उजळ, पुढची पिवळट-काळी. अँटी-फ्लिकर चालू केलं की कॅमेरा प्रखर क्षण गाठून शटर उघडतो. बर्स्टचा (सलग फोटोंचा) वेग थोडा पडतो, तो पडू द्यावा. इलेक्ट्रॉनिक शटर मात्र बंदच ठेवा, आडवे पट्टे येतात.

माती हा खरा वैरी. झूम करताना लांब होणारी किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर मिळणारी) हवेबरोबर धूळही आत ओढते. बहुतेक ७०-२०० एफ/२.८ लेन्समध्ये भिंगं आतल्या आत सरकतात, नळी लांब होत नाही, जोडांना रबरी सीलही असतं. आखाड्याच्या कडेला लेन्स बदलू नये. दोन बॉडी (कॅमेरे) बाळगण्याचं हे मोठं कारण. साफ करताना आधी ब्लोअर, मग कापड. थेट पुसलं की मातीचे कण कोटिंगवर ओरखडे काढतात.

कॅमेऱ्यात दोन मेमरी कार्डांचा उपयोग उघड आहे: एक बिघडलं तरी फोटो दुसऱ्यावर राहतो, कारण चितपट पुन्हा होत नाही.

कासच्या फुलांना यातलं काही लागत नाही. ट्रायपॉड, एफ/८, किट लेन्स पुरे. त्यासाठी लाखभर घालू नका.

पुढची चाचणी ८५ मिमी एफ/१.८ ची, एपीएस-सी बॉडीवर. भिंग ४७ मिमीचं, उजेड एफ/२.८ च्या सव्वादोन पटींहून जास्त. ८ मीटरवरून उभ्या चौकटीत सुमारे सव्वादोन मीटर उंची मावते, म्हणजे खडाखडी (उभ्यानं चाललेली झटापट) पूर्ण येईल. पैलवान आखाड्याच्या पलीकडच्या कडेला गेले तर क्रॉप करावं लागेल.