अरुंद धमनी, नोंद चौथी: ७० टक्के कशाचे?

आधी कबुली देतो. बाबांच्या हृदयाच्या अरुंद धमनीतून रक्त कसं वाहतं याचं मी संगणकावर मॉडेल करतोय. तिसऱ्या नोंदीत त्याचे जे आकडे ऐटीत टाकले होते ते खोडा. सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्राम) बरोबर होता, मेशही (हिशोबासाठी नळीचे पाडलेले बारीक तुकडे) बरी होती, चुकलो मीच.

बाबांच्या अँजिओग्राफीच्या रिपोर्टवर '७०%' लिहिलंय. मी ३ मिमीच्या नळीचं क्षेत्रफळ ७० टक्क्यांनी कमी केलं आणि कामाला लागलो. पण अँजिओग्राफीत टक्के मोजतात ते व्यासाचे. क्षेत्रफळ ३०% उरलं तर गळ्याचा, म्हणजे नळीच्या सगळ्यात अरुंद जागेचा, व्यास १.६४ मिमी राहतो. व्यासच ३०% उरला तर ०.९ मिमी, आणि क्षेत्रफळ जेमतेम ९%. थोडक्यात, तीन आठवडे मी बाबांना कागदोपत्री ठणठणीत ठेवलं होतं.

मग सगळं नव्याने. ओपनफोम (प्रवाहाचं गणित करणारं सॉफ्टवेअर), अख्ख्या नळीऐवजी कलिंगडाच्या फाकेसारखी तिची ५ अंशांची पाचर, १० मिमी लांबीचा कोसाइन आकाराचा अडथळा. रक्ताची घनता १०६० किलो प्रति घनमीटर, श्यानता (दाटपणा) ०.००३५ पास्कल-सेकंद, सरासरी वेग ०.२ मीटर प्रति सेकंद. रेनॉल्ड्स अंक (प्रवाहाचा जोर आणि श्यानता यांचं गुणोत्तर; जितका मोठा तितका प्रवाह अस्थिर) १८२ च्या आसपास येतो. या अंकाला प्रवाह पूर्ण विकसित व्हायला ३३ मिमी लागतात आणि मी अडथळ्याआधी १५ मिमीच नळी ठेवली होती! आता नळी वाढवण्यापेक्षा इनलेटलाच (नळीच्या सुरुवातीच्या तोंडाला) विकसित प्रवाहाचा पॅराबोला दिलाय: वेग मधोमध जास्त, भिंतीशी शून्य. सरळ नळीत भिंतीवरचा शिअर (वाहत्या रक्ताचं भिंतीवरचं घर्षण) १.८७ पास्कल यायला हवा, तो आला, मगच पुढे गेलो. (नव्यांसाठी: इनकॉम्प्रेसिबल, म्हणजे घनता कायम धरणारा, सॉल्व्हर दाब घनतेने भागून दाखवतो. १०६० ने गुणा, मग १३३.३ ने भागा, की मिमी पारा मिळतो. हे विसरून मी एक अख्खा रविवार घालवलाय.)

निकाल. गळ्यातला सरासरी वेग ११ पट, म्हणजे २.२ मीटर प्रति सेकंद. ऑफिसातल्या मित्राला दाखवलं तर म्हणाला, "पुण्यातल्या लक्ष्मी रोडसारखं तुंबत असेल." नेमकं उलटं आहे. लक्ष्मी रोडवर रस्ता अरुंद झाला की गाड्या मंदावतात, रक्त मात्र वेग घेतं. खडकवासल्यातून पाणी सोडलं की लकडी पुलावर उभं राहून बघा. दोन खांबांमधून पाणी सुसाट सुटतं, आणि खांबाच्या पाठीशी जलपर्णीचा पुंजका जागच्या जागी गरगरत राहतो. पॅराव्ह्यूमध्ये (निकालाची चित्रं दाखवणारं सॉफ्टवेअर) गळ्याच्या पुढे अगदी तेच दिसलं: मधोमध धारदार झोत, कडेला उलटा फिरणारा भोवरा. त्या भोवऱ्याजवळ काही ठिकाणी भिंतीवरचा शिअर ०.४ पास्कलच्याही खाली जातो, आणि असल्या कमी शिअरच्या जागीच चरबीचे थर साचायला वाव मिळतो असं मानतात.

पण भोवऱ्याच्या लांबीवर माझा विश्वास नाही. गळ्यात रेनॉल्ड्स अंक ६०० च्या वर जातो, रेसिड्युअल (उत्तरात उरलेली चूक) शून्याकडे न जाता एका पातळीवर डोलत बसतात. असा झोत प्रत्यक्षात एका बाजूला कलंडू शकतो, फुटू शकतो. पाचरीत त्याला तशी मुभाच नाही. कॅरो मॉडेलही (यात शिअरनुसार रक्ताची श्यानता बदलते) लावून पाहिलं. गळ्यात फरक नगण्य, भोवऱ्यात थोडा.

बाबा मागे येऊन स्क्रीनकडे बघत म्हणाले, "आता स्टेंट घातलाय ना? मग ही नळी सरळच असेल. कशाला एवढा खटाटोप?" उत्तर सुचलं नाही.

खरी गंमत दाबात होती. जुन्या चुकीच्या मॉडेलमध्ये अडथळा ओलांडताना दाबातली घट ३ मिमी पारा होती. आता ३० च्या घरात. मग आठवलं, बाबांना घरी बसून कधीच त्रास झाला नव्हता. पर्वतीच्या १०३ पायऱ्यांपैकी निम्म्या चढल्या की छाती आवळायची. चढताना हृदयाला जास्त रक्त लागतं, म्हणून इनलेटचा वेग दुप्पट केला. घट थेट ११० च्या आसपास! झोताच्या विस्तारात वाया जाणारा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, त्याचा हा हिसका.

आणि इथे मॉडेल उघडं पडलं. १२०/८० वाल्या माणसाचा सरासरी दाब ९३ च्या आसपास असतो, तो ११० कुठून घालवणार? म्हणजे तेवढं रक्त तिथून जाणारच नाही. मी मात्र इनलेटला वेग ठोकून बसवला होता, त्यामुळे सॉल्व्हर मुकाट्याने अशक्य दाब लावत राहिला. शरीरात पुढच्या बारीक वाहिन्या आधीच रुंदावून अडथळ्याची भरपाई करतात, म्हणून बसल्या जागी काही कळत नाही. पायऱ्यांवर रुंदावायला काही शिल्लकच उरत नाही. लान्स गूल्ड यांच्या १९७४ च्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांत हेच दिसतं: विश्रांतीतला प्रवाह व्यास ८५% अरुंद होईपर्यंत टिकला, पण कमाल प्रवाह ३० ते ४५ टक्क्यांपासूनच घसरू लागला.

तर पुढचं काम: इनलेटला ९३ चा दाब, आउटलेटला (नळीच्या शेवटाला) पुढच्या बारीक वाहिन्यांचा रोध, आणि वेग त्यातून आपोआप निघू द्यायचा. रोध कमी करत नेला की अडथळा ओलांडल्यानंतरचा दाब भागिले त्याआधीचा दाब हे गुणोत्तर ०.८० च्या खाली कधी जातं ते पाहायचंय. एफएफआरची (अडथळा किती गंभीर ते सांगणारं, डॉक्टर मोजतात ते हेच गुणोत्तर) रेघ तिथेच आहे. आउटलेटला रोधाची अट कोडेड बाउंडरीशिवाय (स्वतः कोड न लिहिता) कोणी लावली असेल तर कळवा, माझी पहिली आवृत्ती चौथ्याच टप्प्यावर फुटली.