दिवाळीनंतरचे जूनमध्येच ठरवावे लागते

जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा आमचे गाव भरलेले असते. बीड जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला यात विशेष काही वाटणार नाही. पण ज्या गावातील बरीच घरे दिवाळीच्या आगेमागे कुलूपबंद होतात आणि ऊसतोडीला गेलेली माणसे थेट उन्हाळ्यात परततात, तेथील जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षकाला वर्षभराचे नियोजन याच गोष्टीवर बेतावे लागते. आई, वडील, आजी, शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताई हे सगळे एकाच वेळी गावात सापडतील असे महिने थोडेच असतात, आणि नवे शैक्षणिक वर्ष त्यांतच सुरू होते, हे आमचे भाग्यच म्हणायचे.

पहिला दिवस अर्थातच प्रवेशोत्सवाचा. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनअखेरीकडे उघडतात, आमच्याकडे महिन्याच्या मध्याला. प्रभातफेरी निघते, पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांना सजवलेल्या ट्रॅक्टरमधून आणतात, दारात औक्षण होते, कुंकवाच्या पाण्यात बुडवलेल्या पावलांचे ठसे कागदावर घेतात आणि बालभारतीची पुस्तके हाती देतात. या सोहळ्याला नाके मुरडणारे सहकारी मला ठाऊक आहेत, आणि छायाचित्रे वेळेत वर पाठवण्याच्या धांदलीत कधी कधी मूलच बाजूला राहते हे त्यांचे म्हणणेही खोटे नाही. तरीही ज्या घरातले पहिलेच मूल शाळेत येत असते, त्या घराला गावाने वाजतगाजत आणणे मला मोलाचे वाटते.

पहिलीत येणाऱ्या मुलांसाठीचा शाळा पूर्वतयारीचा मेळावा मात्र मला याहून अधिक भावतो. २०२२ पासून तो एप्रिलमध्ये एकदा आणि जूनमध्ये पुन्हा भरतो. नोंदणी, गणनपूर्व तयारी अशी सात टेबले मांडलेली असतात. मूल दोरीवरून चालते, चित्राविषयी बोलते, खडे मोजते आणि त्याच्या विकासपत्रावर नोंद होते. एप्रिलमध्ये काही आया अजून ऊसतोडीच्या फडावरच असतात, त्यामुळे आमचा खरा मेळावा जूनचा. आपले मूल अनोळखी माणसासमोर घडाघडा बोलते हे पाहून चकित झालेली आई पुढे वर्षभर शाळेची माणूस होते, असा माझा अनुभव आहे.

शाळा व्यवस्थापन समितीविषयी थोडे स्पष्ट लिहितो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत ७५ टक्के पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्या लागतात. कागदावर हे प्रमाण बहुतेक ठिकाणी बिनचूक असते. पण इतिवृत्ताची वही घरोघरी फिरवून सह्या गोळा केल्या जात असतील, तर त्या प्रमाणाला अर्थ उरत नाही. बैठकीला प्रत्यक्ष काम असले की लोक येतात. बुटांचेच उदाहरण घ्या. बूट आणि मोजे यांसाठी प्रतिविद्यार्थी १७० रुपये मिळतात, म्हणजे घासाघीस अटळ. समितीतील दोघी आयांनी जुन्या वर्तमानपत्रावर प्रत्येक मुलाचे पाऊल ठेवून पेन्सिलीने कड काढली, त्यावर नाव लिहिले आणि तो गठ्ठा घेऊन त्या स्वतः तालुक्याच्या बाजारात गेल्या. बूट बहुतेकांना बसले; आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुढच्या बैठकीला त्या न बोलावता आल्या.

पण जूनच्या बैठकीचा मुख्य विषय बूट नाही, स्थलांतर आहे. पावसाळ्यात मुकादमाकडून, म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतली जाते, आणि एकदा ती घेतली की घरातील कोण फडावर जाणार हे जवळपास ठरूनच जाते. दहा-अकरा वर्षांची मुलगी बहुधा धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी सोबत नेली जाते. म्हणून तिला गावात ठेवायचे असेल तर आधी त्या धाकट्याची सोय लावावी लागते. आजीला तो दिवसभर झेपेल का, अंगणवाडी किती वेळ सांभाळेल, संध्याकाळच्या जेवणाचे काय, हे प्रश्न शिक्षक एकटा सोडवू शकत नाही. आईवडील फडावर असताना गावात राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे, पण त्यासाठीची यादी आधी तयार लागते, आणि नातवंडांना ठेवून घ्यायला आजी-आजोबांचा होकार त्याहून आधी. दिवाळीच्या तोंडावर गाडी भरली जात असताना केलेली विनवणी सहसा वाया जाते. तरीही जी मुले जातातच, त्यांना शिक्षण हमी कार्ड देतो, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्यांना बसता यावे. ते कार्ड ट्रंकेत न ठेवता तेथील शिक्षकांना दाखवायचे असते, हेही पालकांना आताच समजावून सांगावे लागते.

यंदाची बैठक आम्ही पेरणी उरकल्यावर, रात्री आठ वाजता, मारुतीच्या मंदिरातील सभामंडपात ठेवली आहे, कारण दिवसा येणे जमणार नाही असे बायकांनी स्वच्छ सांगितले. पाऊस लांबला तर तारीख पुढे जाईल. विषयपत्रिकेवर पहिला विषय मुलांच्या यादीचाच राहील, रंगरंगोटी आणि कुंपण त्यानंतर.