पथकात सूर चालेल का?

"सूर हवाय तर बेंजोवाल्यांकडे जा. पथकात ढोल, ताशा, झांज. बस्स."

आज गिरगावात आमच्या ढोल-ताशा पथकाच्या सरावाला ट्रम्पेट घेऊन आलेल्या एका कॉलेजच्या पोरीला पथकाचे दादा असं म्हणाले. तिने वाद घातला नाही. ट्रम्पेट पिशवीत ठेवला, कमरेला ढोल बांधला नि रांगेत उभी राहिली. पण टिपरू धरलेल्या हाताची तीन बोटं कळा दाबल्यासारखी हलत होती. ते काही डोळ्यांसमोरून जात नाहीये.

दादांची काळजी कळते मला. चाळीसेक ढोल एकदम वाजले की ताशाची तर्री तेवढी वर राहते, एकटा ट्रम्पेट हरवेलच. आणि स्पीकर आणला तर पथक नि डीजेत फरक काय उरला?

पण बेंजो, म्हणजे मिरवणुकीत वाजणारं ते बटणांचं तारवाद्य, तरी कुठे आपला होता? १९१२ साली जपानमध्ये तयार झालेल्या वाद्याचा तो वंशज. मुंबईने त्याला पिकअप लावून कोळीगीतं वाजवायला लावली. ढोलाचं चामड्याचं पानही आता बऱ्याच पथकांत प्लास्टिकचं झालंय, त्यावर एवढी हरकत मी तरी ऐकली नाही.

मिरवणूक चौकात थांबते तेव्हा ढोल खाली ठेवून, नुसत्या झांजेच्या ठेक्यावर त्या पोरीच्या ट्रम्पेटला दोन आवर्तनं द्यायला काय हरकत आहे? तुमच्या पथकात कुणी करून पाहिलंय का असं?