गिअरबॉक्स निर्दोष होता

कॅनडातील आल्बर्टा प्रांतात, कॅलगरीच्या दक्षिणेकडील एका लहान गावात मी डिझेल गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काम करतो. आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांमध्ये गुरे पाळणाऱ्या शेतकऱ्यांच्या हेवी ड्यूटी पिकअपचे प्रमाण मोठे आहे. भारतात पिकअप म्हटले की छोटा मालवाहू टेम्पो डोळ्यांसमोर येतो. येथील ‘एक टनी’ म्हटल्या जाणाऱ्या पिकअपचे मालासह अनुज्ञेय वजन मात्र १०,००१ ते १४,००० पौंड, म्हणजे साधारण साडेचार ते सव्वासहा टन असते, आणि मागे गुरांचा ट्रेलर जोडला की ओढायचे वजन त्याहून पुष्कळ वाढते. अशी गाडी भर महामार्गावर गिअर बदलेनाशी झाली, तर प्रश्न चालकाच्या गैरसोयीपुरता राहत नाही, मागे उभी असलेली मुकी जनावरेही थंडीत अडकून पडतात.

त्या दिवशी आलेल्या पिकअपचे दुखणे नेमके हेच होते. ट्रेलर ओढताना गिअरचा दर्शक अचानक कोरा होई, सहा गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स तिसऱ्या गिअरमध्ये अडकून राही आणि गाडी कशीबशी कडेला घ्यावी लागे. बॉनेट उघडून अर्धा तास थांबले की सर्व काही पूर्ववत. दुसऱ्या एका वर्कशॉपने गिअरबॉक्सचे तेल बदलून दिले होते आणि तेवढ्याने भागले नाही, तेव्हा संपूर्ण गिअरबॉक्स बदलण्याचा सल्ला दिला होता. त्याचा खर्च ऐकून मालक, सत्तरीच्या घरातले एक शेतकरी, आमच्याकडे आले होते.

गिअरबॉक्स खोलण्याआधी मी मालकांना शेजारी बसवून प्रत्येक प्रसंगाची हकिकत विचारली. चालकाला भरपूर बोलू द्यावे, असे माझे ठाम मत आहे. कारण गाडी बिघडताना तिच्यात तोच असतो, आपण नसतो. त्यांच्या बोलण्यात दोन गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या. उन्हाळ्यात कधीही असे घडले नव्हते, आणि हिवाळ्यातही कडाक्याच्या थंडीत घडले नव्हते. घडले ते चिनूकच्या दिवशी. रॉकी पर्वताच्या पूर्व उतारावरून खाली येणाऱ्या कोरड्या, उबदार वाऱ्याला येथे चिनूक म्हणतात. तो सुटला की उणे वीस अंशांवर गोठलेला प्रदेश काही तासांत शून्याच्या वर येतो. हिवाळ्यात डिझेल पिकअपच्या समोरच्या जाळीवर जाड कापडी आवरण लावण्याची येथे रीत आहे, म्हणजे रेडिएटरवर बर्फाळ वारा आदळत नाही आणि इंजिन लवकर तापते. मालकांच्या गाडीवर ते आवरण होतेच, आणि चिनूकच्या दिवशी त्याची झडप उघडण्याचे त्यांच्या मनात आले नव्हते. बाहेर ऊब, जाळी बंद, मागे भार: इंजिनकक्षातील उष्णता जाणार कुठे? आणि गिअरबॉक्सचे नियंत्रण करणारा छोटा संगणक, म्हणजे ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल, या गाडीत त्याच कक्षात बसवलेले होते.

हे मॉड्यूल गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या शाफ्टचा वेग, तेलाचे तापमान आणि इंजिनाकडून येणारी टॉर्कची (फिरवणाऱ्या जोराची) माहिती सतत वाचते आणि त्यानुसार सोलेनॉइडना, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपांना, विद्युतप्रवाह देऊन क्लचचा दाब ठरवते. मॉड्यूलच बंद पडले की सर्व सोलेनॉइड एकदम निष्प्राण होतात. अशा वेळी तेलाच्या वाटांची रचनाच अशी केलेली असते, की पूर्ण दाबाने एक पुढचा गिअर आणि रिव्हर्स एवढेच शिल्लक राहावे. गाडीने तिसरा गिअर धरून ठेवणे हे म्हणूनच गिअरबॉक्स झिजल्याचे लक्षण नव्हते, तर वरून आज्ञा येणे थांबल्याचे होते. क्लच घसरत असता, तर वेगांच्या गुणोत्तराची तक्रार करणारा बिघाडाचा कोड मॉड्यूलांच्या स्मृतीत सापडला असता. तसा एकही नव्हता. इंजिनाच्या मॉड्यूलमध्ये नोंद होती ती यू०१०१ या कोडची, म्हणजे ट्रान्समिशन मॉड्यूलशी संपर्क तुटल्याची.

इतके हाती आल्यावर मॉड्यूल मागवून टाकणे सोपे होते आणि आमचे ज्येष्ठ सहकारी पाजी यांनी तसे सुचवलेही. मला ते पटेना. संपर्क तुटतो तेव्हा मॉड्यूल मेलेले असू शकते, तसेच त्याला वीज न मिळणे, अर्थ (वीज परत जाण्याची जोडणी) सुटणे किंवा संदेशवाहक तारांत खंड पडणे हीही कारणे असू शकतात, आणि रस्त्यावरच्या मिठाने पोखरलेल्या गाड्यांमध्ये ती अधिक आढळतात. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात वायरिंगचे काम शिकलो. तेथील आमचे मेस्त्री नुसत्या मीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू देत नसत. तारेचा एकच धागा शाबूत असला तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. त्या तारेवर हेडलाइटचा बल्ब लावून तो पूर्ण तेजाने पेटला, तरच ती तार खरी, असे ते सांगत. मी मॉड्यूलच्या कनेक्टरवर तसाच बल्ब लावला. तो लख्ख पेटला, आणि तो पेटलेला असताना वीज आणि अर्थ या दोन्ही वाटांवरची व्होल्टेजची घट ०.१ व्होल्टपेक्षा कमी भरली. मग दोन्ही बॅटऱ्यांच्या ऋण तारा सोडवून तपासणी कनेक्टरच्या ६ आणि १४ या पिनांमधला रोध मोजला, तो ६० ओहम आला. संदेशवाहक तारांच्या जाळ्याच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोधक समांतर असतात, म्हणून निरोगी जाळ्यात एवढाच यायला हवा.

तरीही हा सगळा पुरावा थंड गाडीचा होता, आणि बिघाड उष्णतेचा होता. म्हणून बॅटऱ्या पुन्हा जोडून, चार्जर लावून आणि गाडीची मॉड्यूल वाचणाऱ्या स्कॅनरवर सर्व मॉड्यूलांची यादी उघडी ठेवून मी हीट गन हाती घेतली. प्रथम फक्त हार्नेस (तारांची जुडी) आणि कनेक्टर ऊबदार केले. काहीच घडले नाही. मग तारा झाकून मॉड्यूलचे कवच लांबून, सावकाश तापवत गेलो आणि इन्फ्रारेड तापमापक पाजींच्या हाती दिला. इंजिनकक्षात बसणाऱ्या मॉड्यूलने १०० अंशांच्या आसपासचे तापमान सोसणे अपेक्षित असते. हे मात्र साठीच्या जवळ पोहोचते न पोहोचते तोच यादीतून नाहीसे झाले. त्या क्षणी त्याच्या पिनांवर वीज आणि अर्थ पूर्ण होते, आणि त्याच जोडतारेवर इतर मॉड्यूल आपसांत व्यवस्थित बोलत होती. दाबाची हवा मारून कवच थंड केले, तेव्हा ते परत आले. पुन्हा तापवले, पुन्हा गेले. पाजींनी तापमापक खाली ठेवला आणि नवे मॉड्यूल मागवण्यासाठी स्वतःच फोन उचलला.

मॉड्यूल बदलणे म्हणजे मोजके बोल्ट आणि कनेक्टरची कडी, एवढेच काम आहे, ते चटकन उरकले. मात्र नवे मॉड्यूल कोरे असते. ते बसवल्यावर गाडीचा स्टार्टरही फिरेना, कारण गिअर पार्कमध्ये असल्याची खात्री इंजिनाच्या मॉड्यूलला याच मॉड्यूलकडून मिळते. गाडीच्या १७ अक्षरांकांच्या ओळखक्रमांकावरून उत्पादकाच्या सर्व्हरवरची योग्य प्रणाली उतरवून त्यात भरावी लागते, आणि भरताना व्होल्टेज डळमळले तर नवे कोरे मॉड्यूल कायमचे निकामी होऊ शकते. म्हणून मी स्थिर १३.५ व्होल्ट देणारा पुरवठा लावला, दारे बंद केली, दिवे आणि पंखा बंद ठेवले आणि भरणा पूर्ण होईपर्यंत कोणालाही गाडीला हात लावू दिला नाही.

यापुढचा भाग मला या कामात सर्वांत मोलाचा वाटतो. स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये गिअर बदलताना एक क्लच सुटत असतो आणि त्याच क्षणी दुसरा धरत असतो. प्रत्येक क्लचची पोकळी तेलाने भरायला किती वेळ लागतो, हे झिजेनुसार बदलत जाते, आणि मॉड्यूल ते हळूहळू शिकून साठवत असते. जुन्या मॉड्यूलने या एका गिअरबॉक्सविषयी वर्षानुवर्षे जमवलेले हे सारे ज्ञान त्याच्याबरोबर गेले होते. नवे मॉड्यूल प्रत्येक क्लच कारखान्यातून नुकताच आल्यासारखा धरून चालले होते. कित्येकदा ग्राहक मॉड्यूल बदलून घेतो, गिअर धक्का देऊन पडतात, आणि मग एखादा अनभिज्ञ माणूस त्याला सांगतो की गिअरबॉक्सच गेला आहे. एका चांगल्या गिअरबॉक्सवर असा दुसऱ्यांदा अन्याय होताना मला पाहायचा नव्हता. चाकांना ओट लावून, हँडब्रेक ओढून आणि तेल ठरलेल्या तापमानाला आणून मी स्कॅनरवरून जलद शिकवणीची प्रक्रिया चालवली. तीत एकेक क्लच क्रमाने भरला जातो आणि त्याचा वेळ मॉड्यूल स्वतः मोजते. त्यानंतर हलक्या पायाने गावाबाहेरच्या रस्त्यावर गाडी फिरवली. सुरुवातीला दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना ठोकर बसत होती, ती परतीच्या वाटेवर विरून गेली.

शेवटची चाचणी मालकांनी स्वतः त्यांचा ट्रेलर जोडून, जाळीवरचे आवरण मुद्दाम तसेच ठेवून घेतली आणि मी स्कॅनर घेऊन शेजारी बसलो. डोंगराकडे जाणाऱ्या लांब चढावर मॉड्यूलचे कवच जुन्याने जिथे मान टाकली होती त्याच्याही वर तापले, तरी संपर्क एकदाही तुटला नाही. परत आल्यावर मी जॉब कार्डवर बल्बच्या चाचणीचे आकडे, ६० ओहमची नोंद आणि संपर्क तुटण्याचे तापमान लिहिले आणि त्याखाली मालकांसाठी एक सूचना जोडली: भार ओढताना किंवा चिनूक सुटल्यावर जाळीवरच्या आवरणाची झडप उघडावी. जुने मॉड्यूल, जसे होते तसे, खोक्यात घालून त्याच संध्याकाळी पुरवठादाराकडे परत गेले.