मूठच पात्याला खात होती

मे महिन्यातला रविवार, सकाळचे साडेसात. दारात सत्तरीतले एक काका उभे. हातात न्हाव्याची जुनी धोकटी, चामडं वाळून कडक झालेलं.

"वस्तऱ्याला धार लावता म्हणे तुम्ही?"

"लावतो की. आत या, काका."

आठवडाभर मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टूल ग्राइंडिंगचं काम करतो. जुने वस्तरे मात्र घरी, जिन्याखालच्या जागेत. जीव खरा त्यातच आहे.

धोकटीतून तीन वस्तरे निघाले. काकांचे वडील जुन्या मिलच्या बाहेर बसून कामगारांच्या दाढ्या करायचे. ते गेल्यावर धोकटी पत्र्याच्या ट्रंकेत गेली, ट्रंक माळ्यावर, आणि माळ्यावरही पत्रेच. उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर गेला की त्या ट्रंकेत काय होत असेल, ते सोलापूरकराला सांगायला नको.

पहिल्या वस्तऱ्याची मूठ कासवाच्या पाठीसारखी, पिवळी-तपकिरी. पात्याच्या शेपटीवर 'झोलिंगेन' (पात्यांसाठी नावाजलेलं जर्मन गाव) आणि 'जर्मनी' असे ठसे. परदेशी मालावर देशाचं नाव हवं, हा इंग्रजांचा कायदा १८८७ चा, म्हणजे वस्तरा बहुधा त्यानंतरचा. उघडला तसा आंबूस, नाकाला झोंबणारा वास आला. पात्यावर गंज होता, पण जेवढा भाग मुठीत मिटून बसतो तेवढ्यावरच. मुठीबाहेर राहणारी शेपटी लख्ख. पितळी रिवेटांभोवती हिरवी पूड जमलेली.

नुसत्या ओलीने चढलेला गंज असा रेघ आखून चढत नाही. मूठ सेल्युलॉइडची होती. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून हा पदार्थ करतात. अमेरिकेत हायट बंधूंनी १८७० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. हस्तिदंत आणि कासवाचं कवच महाग, म्हणून वस्तऱ्यांच्या मुठी याच्या होऊ लागल्या. मूठ चांगली असेल तर अंगठ्याने जोरात चोळल्यावर आजही कापराचा वास येतो. पण हा पदार्थ उष्णतेने आतून सडतो. सडताना वायू सुटतात, दमट हवेत त्यांचं नायट्रिक आम्ल होतं, आणि त्या आम्लाने सडणं आणखी वाढतं. बंद ट्रंकेत वायूला बाहेर पडायला वाटच नाही. शेजारच्या वस्तऱ्याची मूठ शिंगाची, अगदी निरोगी, तरी त्याच्या पात्यावर ठिपके उठले होते. माझा स्वतःचा, इंग्लंडमधल्या शेफील्डचा एक वस्तरा मी असाच घालवलाय. अशीच एक सडकी मूठ त्याच्याशेजारी खणात वर्षभर पडू दिली होती. ते अजून मनाला लागतं.

"काका, ही मूठ काढावी लागेल."

ते गप्प झाले. मग मुठीवर अंगठा टेकवून दाखवला. वापरून वापरून तिथे उथळ खळगा पडला होता. "हा बाबांचा अंगठा आहे. हवं तर पातं दुसरं घाला, मूठ राहू द्या."

माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं. मी वस्तरा वर्तमानपत्रावर ठेवला, भिंग त्यांच्या हातात दिलं आणि गंजाची कड दाखवली. वस्तरा मिटला, कड मुठीच्या कडेला तंतोतंत जुळली. पुन्हा उघडला. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे ही मूठच पात्याला खायलीय."

"होय."

"काढा मग."

सेल्युलॉइड चटकन पेट घेतं, म्हणून ड्रिल लावलं नाही. रिवेटची टोपी बारीक कानशीने उतरवली आणि पंच ठेवून हलकेच ठोकलं. पातं खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुतलं, कोरडं केलं, मग ४०० पासून २००० पर्यंत वेट पेपर, म्हणजे पाण्याचा घासकागद; आकडा मोठा तेवढे कण बारीक, दगडांचंही तसंच. वरच्या बाजूचे खोल खड्डे तसेच राहू दिले. नव्यासारखं दिसावं म्हणून जुनं पातं घासून पातळ करणं मला पटत नाही. खड्डे धारेत नकोत, बस.

नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळे दगडांसाठी एक बादली मी राखूनच ठेवतो. १००० च्या दगडावर पातं आडवं ठेवलं, पाठ आणि धार दोन्ही टेकलेली. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांतूनच धारेचा कोन ठरतो, सोळा अंशांच्या आसपास. हाताने फक्त दगड सोडायचा नाही. वीस फेऱ्यांनी भिंगातून पाहिलं तर धार करवतीसारखी. घासावं तसा नवा खड्डा उघडा पडायचा. शेवटी जे जिवावर येतं ते केलं: पातं उभं धरून धारच दगडावर ओढली, खड्डे संपेपर्यंत. अर्धा मिलिमीटर पोलाद गेलं असेल. त्या बोथट कडेवरून पुन्हा धार आणायला दुपारचे दोन वाजले. काका जागचे हलले नाहीत, चहा निवून गेला.

मग भिंगात टाचेपासून टोकापर्यंत अखंड चकाकी दिसली. पुढे ३०००, ८०००, १२०००, दाब कमी करत करत, शेवटी नुसतं पात्याचं वजन. मग धार घोटायचा पट्टा, आधी कापडाची बाजू, मग चामड्याची. पाठ पुढे, धार मागे, साठ फेऱ्या. डोक्याचा एक केस धारेला टेकवला, आवाज न करता तुटला.

शिंगाच्या मुठीचाही वस्तरा वाचला. तिसऱ्याच्या पात्याला धारेपासून वर चीर गेली होती, त्याला हात लावला नाही.

नवी मूठ व्हायला पुढचा रविवार उजाडला. मंगळवार बाजारातून मी कधीतरी मागाचा जुना धोटा आणून ठेवला होता. दाट लाकूड, सुताने घासून गुळगुळीत झालेलं. त्याच्या दोन पट्ट्या कापल्या, पितळी तारेचे रिवेट ठोकले.

काकांनी वस्तरा उघडला आणि काही न बोलता डाव्या तळव्यावर पुढे-मागे फिरवला. पाठ पुढे, धार मागे, टोकाशी पाठीवरूनच उलटवून. हा धंदा त्यांनी कधी केला नव्हता. "बाबा असंच करायचे," म्हणाले.

पात्याला शिवणयंत्राचं तेल लावा, ट्रंकेत ठेवू नका, हे सांगितलं. त्यांनी जुनी मूठ मागितली. कागदी पाकिटात घालून दिली, विस्तवापासून लांब ठेवा म्हणालो.

"खिडकीत ठेवतो," ते म्हणाले. "वाऱ्याला. लोखंडाजवळ नाही."